तीन डब्ल्यू आणि एक टिंब

मामा दुकानांच्या पाट्या रंगवायचे आणि भाची वेबसाइट बनवायची. म्हणजे धंदा एकच, फक्त मामांना शिडी लागायची. भाचीला मिळालेलं पहिलं स्वतंत्र काम चष्म्याच्या दुकानाचं, आणि तेही मामांच्याच शब्दामुळे. चष्मेवाल्यांचे धाकटे भाऊ त्याच रस्त्यावर दंतवैद्य होते. हे काम जमलं तर पुढचं त्यांचं, असं चष्मेवाले म्हणाले होते. बिघडलं तर काय, हे म्हणाले नव्हते. ते कुणी म्हणत नाही.

वाद झाला पाटीच्या खालच्या, वेबसाइटच्या पत्त्याच्या ओळीवरून. मामांनी खडूनं आखणी करताना सवयीनं आधी तीन डब्ल्यू आणि एक टिंब काढलं. भाचीनं चष्मेवाल्यांसमोरच सांगितलं की हे आता कुणी लिहीत नाही. सदऱ्याच्या आत बनियन असतोच, पण कुणी तो वरून घालतं का? चष्मेवाल्यांना त्यातलं जागा वाचते एवढंच कळलं आणि तेवढं पुरलं. मामांनी ओल्या फडक्यानं तेवढाच भाग पुसला. मामा वाद घालत नसत. चाळीस वर्षं शिडीवर काढलेला माणूस वाद जमिनीवर आल्यावरच घालतो.

मामांची एक खोड होती. कुठलाही पत्ता स्वतः गाठून पाहिल्याशिवाय ते त्याला रंग लावत नसत. एका डॉक्टरांनी लिहून दिलेला फोन नंबर त्यांनी लावून पाहिला, तर तो लाकडाच्या वखारीत लागला होता. वेबसाइटसाठी ते वाचनालयातल्या जुन्या कॉम्प्युटरवर जात आणि पाटीवर असेल तसंच, एका बोटानं, एकेक अक्षर दाबत.

पाटी लागायच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांनी भाचीला बोलावून घेतलं. शिडी धरायची आहे, म्हणाले. त्यांची शिडी आजवर कुणी धरली नव्हती, तेव्हाच तिला शंका यायला हवी होती. चष्मेवाले जेवायला गेल्याची खात्री करून मामा हळू आवाजात म्हणाले, "तुझं पान उघडत नाही गं."

तिनं हसून स्वतःचा फोन पुढे धरला. उघडत होतं, झोकात.

"तुझा फोन तुला ओळखतो," मामा म्हणाले. "गिऱ्हाईक अनोळखी असतं."

ती तरातरा वाचनालयात गेली. पत्ता टाकला; पांढरं पान. आधी तीन डब्ल्यू लावले, वेबसाइट हजर. कुठला पत्ता टाकला की वेबसाइट उघडावी, ही इंटरनेटवरची नोंद तिनं फक्त डब्ल्यूवाल्या पत्त्याची केली होती, डब्ल्यूशिवायच्या मोकळ्या पत्त्याची राहूनच गेली होती. तिच्या फोनला मागचं सगळं आठवत असल्यानं तो गुपचूप डब्ल्यू जोडून घेत होता. थोडक्यात, जगाला बनियन काढायला सांगणारी ती स्वतः आतून घालून बसली होती.

राहिलेली नोंद करायला पाच मिनिटं लागली. पण ती इंटरनेटवर सगळीकडे पोचायला एक दिवस तरी जाणार होता, आणि पाटी सकाळी लागणार होती. ती परत आली आणि खालमानेनं म्हणाली, "तुम्ही लिहून टाका ते डब्ल्यू."

"लिहीन की. पण ते विचारतील, काल नको होते ते आज कसे आले." मामांनी ब्रश पुसला. "नोंद पोचली की लागणार नाहीत ना?"

"नाही लागणार."

"मग राहू दे. रंगाचं मी बघतो."

त्यांनी चष्मेवाल्यांना फोन लावला आणि खालची ओळ अजून वाळली नाही, पाटी एक दिवस उशिरा लागेल, असं सांगितलं. ती वाळली नव्हती हे अक्षरशः खरं होतं; ती अजून रंगवलीच नव्हती, आणि मामांनी तिच्यावर कागद लावून ठेवला होता. चाळीस वर्षांत मामांची एक पाटी उशिरा गेली नव्हती. पलीकडून वय, हात, नव्या पद्धतीच्या छापील पाट्या असं बरंच काही आलं. तिला ते उभ्या जागी ऐकू येत होतं. "हो, हात पूर्वीसारखा चालत नाही," मामा म्हणाले, आणि त्याच हातानं टेकूशिवाय सरळ रेघ ओढत राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वाचनालयात पत्ता दोन्ही तऱ्हांनी उघडला. मगच मामांनी ओळ रंगवली, डब्ल्यूशिवाय.

तिसऱ्या दिवशी पाटी चढली. बघायला दंतवैद्यही आले होते. चष्मेवाले त्यांना म्हणाले, "पोरीचं काम चोख आहे. पाटीला मात्र दुसरा माणूस बघ, हे आता थकलेत."

मामा शिडीवर स्क्रू पिळत होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.

"पाटी माझ्यामुळे लांबली," भाची म्हणाली. आणि तिनं वाचनालयापासून फोनपर्यंत सगळं सांगून टाकलं.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला. दंतवैद्यांनी एका चिठ्ठीवर आपल्या दवाखान्याचा फोन नंबर लिहिला आणि हात उंच करून शिडीवर मामांकडे दिला.

"आधी हा लावून बघा," ते म्हणाले. "मग तुम्ही दोघं सुरू करा."