पाचवं शील

भीमराज कंडक्टर दुखण्याला कधी भ्यायला नाही, असं राळेगाव डेपोत अजून सांगतात. सांगणाऱ्यांचं काय जातं? कर्करोग हाडात उतरला की काय होतं, ते ज्याच्या पाठीत तो शिरतो त्यालाच ठाऊक. सत्तरी ओलांडलेला हा माणूस यवतमाळच्या एका शुश्रूषा केंद्रात खाटेची दांडी धरून पडला होता आणि त्याचं मागणं एकच होतं, घटकाभर तरी ठणका थांबावा.

घरी ठेवणं जमण्यासारखं नव्हतं. त्या साली गुलाबी बोंडअळीनं सारी कपाशी पोखरली, मुलगा राजदीप तिच्या उभ्या पराट्या उपटण्यात गुंतला. मग बायको जया सोबतीला राहिली. केंद्राची पद्धत अशी, की नर्स दीपा सकाळी दिवसभराचं मॉर्फिन मोजून छोट्या बाटलीत द्यायची आणि दर चार तासांनी सोबतच्या माणसानं ते पाजायचं.

हे अफूपासून बनतं, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, तेव्हा भीमराज थबकला होता. पंचशील त्यानं नुसतं म्हटलं नव्हतं, हयातभर पाळलं होतं. गावातला दारूचा गुत्ता त्यानं बंद पाडला, तेव्हा बायांच्या पुढे जयाच उभी होती. त्यानं दीपाला विचारलं, "पोरी, यानं पाचवं शील मोडते काय?"

दीपाही बौद्धाचीच लेक. ती म्हणाली, "बाबा, नशेसाठी घेतलं तं मोडते. हे औषध आहे. माह्या आजीले तं भंतेजींनीच घ्या म्हणून सांगतलं होतं."

"मंग दे," भीमराज म्हणाला. जया शेजारीच बसून ऐकत होती.

पण औषध काही लागू पडेना. घोट घ्यावा, वाट पाहावी, आणि ठणका होता तसाच. तीन आठवडे गेले. शेजारच्या खाटेवरचे पुंडलिकराव तेच औषध घेऊन दुपारी ढाराढूर झोपायचे. त्यांच्याकडे पाहून भीमराजला लाज वाटायची. एवढं जालीम औषध, तरी आपण कण्हतो, म्हणजे आपणच रडके. जया पाठ चोळत म्हणायची, "जरासं सोसा जी." गुरुवारी डॉक्टर डोस दुप्पट करणार होते.

बुधवारी पहाटेच जया राजदीपकडे गेली. त्या दिवशीचे सगळे घोट दीपानंच पाजायचं ठरलं. पहिल्याच घोटाला भीमराजनं तोंड वाकडं केलं.

"हे तं कडू जहर आहे! औषध बदललं काय?"

"नाही बाबा. पहिल्यापासून हेच आहे."

पाऊण तासानं ठणका उतरला. आपल्याला पाठ आहे हेच तो विसरला. दुपारपर्यंत झोपला, उठून वरण-भात जेवला आणि सुखानं रडला. मग त्याचं डोकं चालायला लागलं. तीस वर्षं तिकिटं फाडली होती त्यानं. फुकट्या प्रवासी तो नजरेवरून ओळखायचा, आणि घरचा चोर ओळखायला त्याला तीन आठवडे लागले.

संध्याकाळी जया परतली. तो म्हणाला, "जया, तू मले काय पाजत होती?"

खोटं बोलायची सवय नव्हती तिला. ती खाली बसली. "साखरेचं पाणी. औषध मोरीत टाकत होती."

"काहून?"

"अवो, तुमी साऱ्या गावाले शील शिकवलं. माह्या शब्दावर बाया घराबाहेर निंगाल्या. आता भीमराज अफू खाऊन गेला, असं म्हणतीन ना लोकं! तुमचं नाव राहावं म्हणून केलं. मी का मजेत होती? तुमी कण्हत होते, तं मी पदर तोंडात कोंबून बसत होती."

"मी हो म्हटलं होतं, जया. तुह्यासमोर म्हटलं होतं."



परक्यानं हे केलं असतं तर भीमराजनं केंद्र डोक्यावर घेतलं असतं. पण सेहेचाळीस वर्षं या बाईच्या हातचं त्यानं डोळे मिटून खाल्लं होतं. तिनं त्याचं कण्हणं ऐकलं, गावाची जीभही ऐकली, आणि दोन्हीत गावाची जीभ तिला जड वाटली.

दीपा संध्याकाळचा घोट घेऊन आली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं सवयीनं तो जयापुढे धरला.

"पोरी, यापुढं तूच पाजत जा," भीमराज म्हणाला. "हिच्या हातचं नको. आन् डॉक्टरले सांग, डोस वाढवू नका म्हणाव. आहे तेवढा पुरते."

दीपानं दोघांकडे पाहिलं आणि त्याला पाजलं. ती गेल्यावर जया उठली, खाटेच्या पायथ्याशी बसली आणि रोजच्यासारखे त्याचे पाय चेपू लागली.

तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्याला हलता येत होतं. त्यानं पाय ओढून घेतले.