दुसऱ्या सुनेची वाट

नवापूरच्या डोंगरातल्या त्या गावात बायबलला सगळे शास्त्रच म्हणत, आणि शास्त्राचा अंमल चर्चपेक्षा शेतात जास्त चाले. भात कापताना बांधाकडचा एक कोपरा उभा सोडायचा, कारण तो गरिबांचा आणि विधवांचा, असं शास्त्रात सांगितलंय. मग शेत वीतभर का असेना, कोपरा सुटायचाच. पोरांची नावं शास्त्रातली, आणि उखाच्या मारक्या बैलाचं नावसुद्धा शास्त्रातल्या महाबली वीराचं, शमशोन. नाव ठेवलं की माणूस त्या नावासारखं वागणारच, अशी गावाची पक्की समजूत होती. शमशोनने दोन कुंपणं मोडल्यावर तर ती आणखी पक्की झाली.

या समजुतीत सापडली होती रूथ. ती मूळची रनाळ्याची काजल. पुरुषोत्तमनगरकडे ऊसतोडीला गेली असताना तिथं तिला दानियल भेटला. लग्न झालं, बाप्तिस्मा झाला, आणि नाव निवडलं सासूनं, सुसानाबाईनं. शास्त्रातली रूथही परक्या मुलखातली सून होती. नवरा गेल्यावर माहेर सोडून ती सासूसोबत राहिली, आणि पुढं सासरच्याच नात्यातल्या एका भल्या शेतकऱ्यानं तिच्याशी लग्न केलं. सुसानाबाईनं नाव ठेवलं ते प्रेमानं. घडायचं ते मात्र घडून गेलं. लग्नाला तीन वर्षं होतात न होतात तोच कावीळ झाली आणि दानियल गेला.

मग काय, गावाला पुढची गोष्ट तोंडपाठ होती. नात्यातला भला शेतकरीही हाताशी होता. दलपत, दानियलचा चुलतभाऊ, पाच एकर भात, बायको वारलेली, दारूचं नाव नाही. पाणवठ्यावर बाया रूथकडे बघून गालात हसायच्या. रूथ वाटेत दिसली की दलपत बिचारा स्वतःच रस्ता बदलायचा. त्याचा काही दोष नव्हता. रूथलाही तो वाईट वाटत नव्हता. तिला फक्त एकच गोष्ट खुपायची, की तिला कुणी विचारतच नाही.

कापणीचा सण आठ दिवसांवर असताना रनाळ्याहून शेजारच्या धुडकूचा फोन आला.

"काजल, तुन्ही माय पडी गयी. डावा हात हालत नही तिना. घरमा एकलीच शे. चुल्हाबी पेटाडता येत नही तिले."

रूथनं सासूला सांगितलं, "माझी माय पडली." एवढंच. पुढचं वाक्य, मला जायचंय, तिच्या तोंडून निघेना. परत निघालेली रूथ शास्त्रात कुठं होती? सुसानाबाईनं डोळे मिटून प्रार्थना केली आणि म्हणाली, "देव बरं करील." मग ती कापलेलं भात वाळलंय का ते बघायला निघून गेली. रूथला इतका राग आला की तिनं दुपारची भांडी आपटून आपटून घासली. पण तिलाही दिसत होतं, म्हातारीचे गुडघे गेलेत, लाकडाची मोळी तिच्यानं उचलत नाही. इथं एक आई, तिथं एक माय, आणि मधे ती. गाव मात्र पुढच्या लग्नाचे बेत करण्यात दंग.

अशात कापणीचा सण आला. त्या दिवशी सगळी मंडळी नव्या भाताच्या पेंढ्या, भोपळे, तूर, कोंबडे घेऊन चर्चच्या अंगणात मांडवाखाली जमते. उपासना झाली की सुसानाबाईनं रूथची गोष्ट सांगायची, हा तिथला रिवाज. तिला वाचता यायचं नाही, पण ती गोष्ट घरच्या बोलीत सांगायची तेव्हा चर्चचे पाळक स्टीफनही पुस्तक मिटून ऐकत बसायचे. गोष्ट संपली की पहिली पेंढी एखाद्या विधवेच्या ओटीत घालायची. यंदा ती पेंढी बायांनी मुद्दाम दलपतच्या हातात दिली होती. तो मांडवाच्या कडेला घामाघूम होऊन उभा होता. रूथला सगळं कळलं. भर मंडळीत ती पेंढी घेतली की होकारच दिल्यासारखं होणार होतं. आणि नाही म्हणावं तर भल्या माणसाचा चारचौघांत अपमान.

सुसानाबाई खुर्चीत बसली. तिनं पदर सावरला आणि सुरू केलं. तिच्या गोष्टीतल्या तिघी विधवा, सासू आणि दोन सुना, नागलीच्या भाकरी बांधून निघाल्या. वाटेत मोहाची झाडं लागली, कोरडा नाला लागला. पोरं पुढं सरकून बसली. मग दोन वाटा फुटल्या तिथं सासू थांबली आणि सुनांना म्हणाली, पोरींनो, आपापल्या आईच्या घरी परत जा. तिघी गळ्यात पडून रडल्या. एक सून परत फिरली. रूथ सासूला धरून राहिली.

इथं दर वर्षी गोष्ट रूथच्या मागोमाग जायची. सुसानाबाई थांबली. तिनं ओठ पुसले.

"आज मी दुसरीसोबत जाते," ती म्हणाली.

पाळक साहेब खुर्चीत पुढं झुकले.

"ती दुसरी एकटी निघाली. तुम्हाला तिचं नावसुद्धा आठवत नाही, मला ठाऊक आहे. वाटेत ती तीनदा मागं वळली. सासू दिसेनाशी झाली तेव्हा ती नाल्यात बसून ओरडून रडली. मग उठली. दिवस कलताना तिला आईचं घर दिसलं. धूर नव्हता. दार लोटलेलं. आत आई एका हातानं चुलीत काटक्या सारत होती, दुसरा हात मांडीवर मेलेला पडला होता. पोरीनं आईच्या पायाशी पडलेली काडेपेटी घेतली आणि चूल पेटवली."

रूथला वाटलं, सासू गोष्ट सांगत नाही, रनाळ्याच्या त्या खोलीत उभी राहून बघते आहे. जन्मात तिथं न गेलेली ही बाई. आणि ते पुस्तक तर किती जुनं, ते पाळकांनाही नीट सांगता यायचं नाही. त्यात इतकी वर्षं एक बाई आईच्या घराकडे चालत होती, आणि तिच्याकडे कुणी बघितलंच नव्हतं.

"सुसानाबाई," पाळक स्टीफन हळूच म्हणाले, "हे शास्त्रात कुठं आहे?"

"चूल नाही, साहेब. चूल माझी. पण तिला आईच्या घरी जा म्हटलेलं आहे ना? सासूनं दोघींचे मुके घेतले ना? आशीर्वाद दोघींना दिला, एकच दिला. एक परत फिरली म्हणून तो मागं घेतला, असं कुठं लिहिलंय का, तुम्ही सांगा. तुम्हाला वाचता येतं."

पाळक साहेबांनी मांडीवरचं पुस्तक उघडलं. बोट ओळीवरून फिरलं, मागं गेलं, पुन्हा फिरलं. सगळी मंडळी त्या बोटाकडे बघत होती. लहान पोरंसुद्धा हलली नाहीत.

"नाही," ते म्हणाले. "मागं घेतलेला नाही. इतकी वर्षं मी हे वाचतो आहे, सुसानाबाई."

मागं बसलेली विधवा धनुबाई, जिची लेक सासरहून परतल्यावर गावानं तोंडं फिरवली होती, ती पदरात तोंड घालून हमसू लागली. दलपतनं आधी पेंढीकडे पाहिलं, मग रूथकडे. मग तो सरळ चालत गेला आणि पेंढी धनुबाईपुढं ठेवून आला. कुणी हसलं नाही.

रूथ उठून सासूपाशी गेली आणि जमिनीवर बसली. "आई, मी जाऊ?"

"मी आठ दिवस देवाशी भांडले," सुसानाबाई म्हणाली. "म्हटलं, माझी रूथ मला राहू दे. नाव मीच ठेवलं होतं ना. तुला बांधून घातलं मी त्या नावानं. मला एकटीला राहायची भीती वाटते गं, खोटं कशाला बोलू? पण जा. तुझी माय चुलीपुढं बसलीय."

"मोळी कोण आणील तुमची?"

"दलपत आणील," बाया एका सुरात म्हणाल्या, आणि दलपत लाजून का होईना, हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुसानाबाई गुडघे धरत धरत फाट्यापर्यंत आली. नंदुरबारची एसटी दिसली तशी तिनं रूथचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कपाळाचा मुका घेतला. आशीर्वाद तिनं मोठ्यानं दिला, फाट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असा.

रूथला खिडकीजवळ जागा मिळाली. तिनं मागं वळून पाहिलं, म्हातारी रस्त्यातच उभी होती. वळण आलं. रूथ ओरडून रडली, शेजारची बाई दचकली. मग तिनं डोळे पुसले आणि धुडकूला फोन लावला.

"मायले सांग," ती म्हणाली, "मी ई ऱ्हायनू, वाटमाच शे."