घरची भाषा

डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी लिहायला घेतली, तसा कनकलताबाईंनी नवऱ्याच्या दंडाला चिमटा काढला.

"दुसरी काही औषधं चालू आहेत का?" डॉक्टरांनी तमिळमध्ये पुन्हा विचारलं.

"बीपीची. तेवढीच," वेंकटराव म्हणाले.

कनकलताबाईंचा जीव मेटाकुटीला आला. एचआयव्हीच्या गोळ्या हा माणूस कित्येक वर्षं घेतोय. त्याही तंजावुरात कुणी पाहील म्हणून कुंभकोणमहून आणायच्या आणि डबीवरचं लेबल खरवडून टाकायचं. आता छातीत कळा यायला लागल्या, तरी तोंडाला कुलूप! शेजारी सून भुवना बसली होती. ती तमिळ घरातली, त्यामुळे अडचणीचं बोलणं तिच्यादेखत मराठीत उरकायचं, हा या घराचा रिवाजच झाला होता.

"सांगून टाका हो. त्या मात्रांबरोबर ही चालते की नाही, कुणास ठाऊक," त्या मराठीत म्हणाल्या.

"हिच्यासमोर? उद्या साईप्रियाला माझ्या वाऱ्यालाही उभी राहू देणार नाही ही."

"आणि तुम्हांस काही झालं म्हणजे? नातीनं फोटो बघायचा की?"

"तू गप्प बस."

कनकलताबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं ते निव्वळ संतापाने.

भुवनाने मोबाइल पर्समध्ये टाकला.

"डॉक्टर, मामा एचआयव्हीची औषधंही घेतात," ती सासऱ्यांकडे पाहत तमिळमध्ये म्हणाली. "ही गोळी त्यांच्याबरोबर चालेल?"

डॉक्टरांचं पेन थांबलं. औषधांची नावं कनकलताबाईंनी घडाघडा सांगितली. डॉक्टरांनी लिहिलेलं खोडलं.

"नाही चालणार. दुसरी देतो. या आजारात हृदयाच्या रक्तवाहिन्या लवकर बिघडतात. हे आधी सांगायला नको?"

बाहेर येताच वेंकटराव बायकोवर उखडले. "हिला कुणी सांगितलं? तू?"

"तुम्हीच," भुवना म्हणाली. तिचं मराठी अडखळत होतं, पण मराठीच होतं. "रोज माझ्यासमोर बोलता की. लग्नानंतर वर्षभरात सगळं समजू लागलं मज."

वेंकटराव मग कसंबसं म्हणाले, "म्हणजे साईप्रिया झाली तेव्हा..."

"तेव्हा ठाऊकच होतं." भुवनाचाही आवाज आता चढला. "मीच आणून ठेवते तिला तुमच्या मांडीवर. दर खेपेला उठून जाता ते तुम्ही, मामा."

औषधांच्या दुकानापुढे रांग होती. ती जाऊन रांगेत उभी राहिली.