कपाटांची भिंत

चार वर्ग, एकशे तेरा मुले, चार शिक्षक, तीन फळे, एक नारिंगी गालिचा. भिंती शून्य. ओहायोतल्या आमच्या नव्या शाळेचे मोठे दालन १९७३ च्या सप्टेंबरात असे होते. शिवाय चाकांची कपाटे अकरा. ती ऑस्ट्रँडरबाई रोज सकाळी रांगेत लोटत आणि आपल्या तिसरीपुरती भिंत उभी करत. जिल्ह्याचे शिक्षण अधिकारी डॉ. पेटिबोन यांची कचेरी याच इमारतीत होती. तरी ते वर्गांकडे महिन्यातून एकदा फिरकत. त्या दिवशी कपाटे बाजूला जात.

भिंतींविना शाळा ही डॉक्टरांचीच कल्पना. भिंत मुलाची जिज्ञासा कोंडते, असे त्यांनी एका मासिकात लिहिले होते. त्यांनी स्वतः वर्गात शिकवले ते एकूण दोन वर्षे.

"माझ्या बापाने गोठ्यात गाईंच्या मधे फळ्या ठोकल्या होत्या," ऑस्ट्रँडरबाई म्हणत. "आणि गाईंना काही वाचायला शिकायचं नव्हतं."

मी तिथे विज्ञान शिकवायला नवीनच लागलो होतो. बाईंच्या वर्गातल्या डेल्फीनला उजव्या कानाने ऐकू येत नाही, हे मला त्यांनीच सांगितले. ऑक्टोबरात श्रुतलेखनाची परीक्षा होती. चाळीस शब्द. वीसच्या खाली गेलेल्या मुलाची रवानगी मंद मुलांच्या वर्गात, गावाच्या दुसऱ्या टोकाला. तिथून परत आलेले मूल कोणाच्या पाहण्यात नव्हते.

परीक्षेच्या सकाळी डॉक्टर त्याच मासिकाच्या छायाचित्रकाराला घेऊन आले.

"ही कपाटं हलवा, बाई. फोटोत मोकळेपणा दिसला पाहिजे."

"परीक्षा होऊ द्या. अर्ध्या तासात हलवते."

"तुम्हाला भिंतींची सवय जडलीय. वयाचा दोष."

"वय माझं झालंय, डॉक्टर. कान त्या पोरीचा गेलाय."

ते हसले आणि पहिले कपाट त्यांनी स्वतः लोटले. बाकीची लोटायला मला सांगितले. मी लोटली.

पलीकडे पाचवीचा वर्ग राज्यांच्या राजधान्या एका सुरात ओरडत होता. कॉलेजातून मागून आणलेले आवाज मोजायचे यंत्र मी डेल्फीनच्या बाकावर धरले. एकाहत्तर डेसिबल. तिचे अकरा शब्द बरोबर आले.

दुपारी यंत्र घेऊन मी डॉक्टरांच्या कचेरीत गेलो. आकडे सांगितले.

"अरे, तुझं यंत्र मोकळेपणा मोजतं का?" ते म्हणाले. "आणि आधी ते दार लाव. बाहेर इतका गोंगाट आहे, तू काय बोलतोस ते कळत नाही."

मी दार लावले. यंत्राचा काटा खाली आला. अडतीस. मी ते त्यांच्या मेजावर, त्यांच्याकडे तोंड करून ठेवले.

त्यांनी काटा वाचला.

"तुला हवंय तरी काय?"

"ही खोली. अर्धा तास. डेल्फीनची परीक्षा पुन्हा, आणि गुण या नव्या परीक्षेचे धरायचे."

"घे. पण त्या मासिकवाल्यांच्या कानावर यातलं काही जाता कामा नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑस्ट्रँडरबाईंनी तिथे नवे चाळीस शब्द घातले. डेल्फीन डॉक्टरांच्या खुर्चीत बसली होती. पाय जमिनीला टेकत नव्हते. दार बंद. अडतीस डेसिबल. चाळीसपैकी छत्तीस.