मांजरपाटाचा पंख

त्र्यंबकला त्या दिवसांत एका जागी बसवत नव्हतं. रेल्वेच्या कचेरीत पुलांचे नकाशे काढताना त्याचा पाय सारखा हलत असे, आणि कोपरीला घरी आला की अंगणातल्या बांबूच्या सांगाड्याभोवती फेऱ्या सुरू. साल अठराशे सत्त्याण्णव. माणसाला घेऊन उडणारं यंत्र करायचं त्यानं डोक्यात घेतलं होतं, आणि तेही एकाच पंखाचं. एकावर एक दोन पंख बांध, भार पेलतील, असं कचेरीतला हरिहर सांगून थकला. त्र्यंबक म्हणे, घारीला कुठं माडी असते?

पंखाला मांजरपाट लावला होता. कापड ताठ राहावं म्हणून त्यावर तांदळाची खळ चढवायची, आणि ते काम त्याच्या बायकोचं, सगुणाचं. दुपारी खळ वाळली की कापड बोटानं टणटण वाजे. सकाळी पाहावं तर ओलसर आणि झोळ पडलेला. पुन्हा खळ, पुन्हा झोळ. त्र्यंबकनं खाडीच्या दमट वाऱ्याला शिव्या घातल्या, जेवणावरून उठून गेला. शेवटी वैतागून त्यानं ठरवलं, सैल तर सैल, उद्या होडीनं पलीकडे न्यायचं आणि पारसिकच्या डोंगरउतारावरून उडायचंच.

झोळ चाचपता चाचपता त्यानं तोंडावरचा घाम पुसला आणि ओठाला खारट लागलं. घामाहून कितीतरी जास्त खारट. त्यानं कापडच जिभेला लावलं. मीठ पेजेत घालतात. कपड्यांच्या खळीत कुणीही बाई घालत नाही, कारण मीठ ओल धरतं.

सगुणा ओसरीवर उभी होती. विचारायच्या आधीच ती म्हणाली, "मीच घातलं. दर वेळी. म्हटलं, पंख सैल राहिला की उडणारच नाही, तुम्ही घरी राहाल."

त्र्यंबक संतापून बोलायला गेला, पण त्याची नजर पुन्हा त्या झोळाकडे वळली.

"अगं, सैल पंखही उडतो," तो म्हणाला. "वर गेल्यावर वारा भरून उलटतो. उद्या मी त्यानंच पडलो असतो."

सगुणानं पंखाकडे पाहिलं. मग ओसरीवरून उतरली, सांगाड्यावरचं कापड सोडवलं, विहिरीवर नेऊन खळबळून धुतलं. रडत होती, पण हात थांबले नाहीत. परत आली आणि बिनमिठाच्या खळीसाठी चुलीवर तांदळाचं आधण ठेवलं.

"जायचंच असेल तर घट्ट पंखानं जा," ती म्हणाली. "माझ्या हातून पडू नका."