अशोकच्या मागाचा वेग

मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोललो आणि त्यातलं बहुतेक लोकांनी आनंदानं ऐकून घेतलं. आमच्या मिलच्या साळखात्यात, म्हणजे जिथे कापडाचे माग चालत तिथे, एकदा कावळा शिरला आणि बाहेर पडला तो मुका होऊन, पुढे जन्मभर नुसती चोच उघडायचा, ही माझीच गोष्ट. आमच्या छत्रीबाग वस्तीत तो कावळा स्वतः पाहिलेले चार जण आजही भेटतील. पण एका खोट्यापायी सुजयची मनगटं कामातून जाता जाता राहिली. ते सांगायला हवं.

सुजयचा बाप अशोक माझ्या खात्यातला विणकर. मी जॉबर, माग बिघडला की दुरुस्त करणारा. सहाशे माग एकदम चालायचे, तेव्हा आम्ही ओठांनी आणि बोटांनी बोलायचो. अशोकचे कान तिथेच गेले. पाळी बदलताना माग बंद करायचा नाही, हा आमचा रिवाज होता. नवा माणूस येऊन चौकटीवर तळवा ठेवणार, मग जुना आपला हात उचलणार, मान हलवणार आणि डबा घेऊन निघणार. चालता माग हातातून हातात जायचा.

शहरात विदेशी कॅसेटी आणि रंगीत जाहिराती आल्या त्याच वर्षांत आमचे भोंगे एकेक करून गप्प झाले. ब्याण्णव साली आमच्या मिलचा शेवटचा भोंगा तीन वाजता झाला आणि अशोकच्या मागावर पुढचा माणूस आलाच नाही. तो हात ठेवून उभा. माग फिरवणारा वरचा पट्टा थांबला, माग थांबला, तरी हा उभाच. शेवटी मी खांद्याला धरून बाहेर आणला. पुढची नऊ वर्षं तो छत्रीबागेतल्या ओट्यावर बसून होता. बोलणं जवळजवळ बंद.

मी पोलोग्राउंडला एका बंद वर्कशॉपवर चौकीदार लागलो. यंत्रं विकली गेली होती, पत्र्याची शेड तेवढी उरली होती. तिथे रविवारी सकाळी सुजय आणि त्याचे दोस्त बाजा वाजवायला यायचे. बाजा म्हणजे मेटल, कानठळ्या बसवणारं विलायती रॉक. काळे टी-शर्ट, लांब केस, आणि आवाज असा की मला पुन्हा तरुण झाल्यासारखं वाटायचं.

सुजय ड्रमवर. गिटारवाला धनेश त्यांचा मुखिया, राजेंद्र नगरचा, बँकेतल्या साहेबांचा मुलगा. त्याच्याकडे दोनशे कॅसेटी होत्या आणि प्रत्येकीबद्दल मत होतं. एका रविवारी सुजयनं बसवलेलं गाणं अर्ध्यात थांबवून धनेशनं गिटार गळ्यातून काढली.

"बस कर भिया! यात गाणं कुठे आहे? गिटारची रिफ नाही, शब्द कळत नाहीत, नुसतं धडधडधड. मिक्सर लावल्यासारखं."

"एक्स्ट्रीम मेटल आहे ते," सुजय म्हणाला.

"मला नको शिकवू यार, मैं भी मेटल ही सुनता हूँ. तुझे हे एक्स्ट्रीमवाले फक्त शर्यत लावतात. याचे मिनिटाला दोनशे ठोके, तर त्याचे अडीचशे. कव्हरवर आतडी. लोक आधीच आपल्याला येडं समजतात, यांच्यामुळे पूरा पागल समजतात."

मंजिरी बेस वाजवायची. तारा पुसता पुसता ती म्हणाली, "तुझे बाबा तुझ्या गाण्यांना हेच म्हणतात ना? मिक्सर?"

"ते कुकर म्हणतात," धनेश म्हणाला. "फरक आहे."

आम्ही सगळे हसलो. सुजय हसला नाही.

"कॉलेजच्या कार्यक्रमाला पंधरा दिवस आहेत," धनेश म्हणाला. "पुढच्या रविवारी शेवटचं ऐकतो. हे असंच राहिलं तर गाणं बाहेर. आणि तुला हेच वाजवायचं असेल, तर तूही."

बाकीचे गेल्यावर सुजय माझ्या स्टुलाशी येऊन बसला. दोन्ही मनगटांना पट्ट्या होत्या.

"नाना, तीनशे वीसच ना? पक्का?"

हा आठ वर्षांचा असताना मी त्याला सांगितलं होतं, तुझ्या बापाच्या मागावर आडवा धागा नेणारा धोटा मिनिटाला तीनशे वीस वेळा धावायचा, इंग्लंडहून साहेब बघायला आला आणि घेरी येऊन पडला. खरा वेग एकशे साठ. साहेब कुणी आलाच नव्हता.

"त्या वेगाचं दुसरं संगीतच नाही," सुजय म्हणत होता. "म्हणून तर मी हे ऐकायला लागलो. धनेशला वाटतं शान मारतोय. नाना, वेग बरोबर बसला ना, तर बाबांना हाताला कळेल. त्यांचा माग आहे म्हणून. ते काहीतरी बोलतील. रविवारी आणाल त्यांना?"

एकशे साठ म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण तेरा वर्षं त्यानं ते तीनशे वीस जपलं होतं. मी म्हणालो, "पक्का."

रविवारी अशोकला उठवायला मी ओठांनी थट्टा केली, "चल, पाळी आहे." तो आत गेला आणि डबा घेऊन आला. मला वाटलं होतं हसेल. रिक्षात डबा मांडीवर धरून बसला होता. माझी मान वर होईना.

शेडमध्ये मी त्याचा तळवा मोठ्या ड्रमच्या लाकडावर ठेवला. सुजयनं सुरुवात केली. पत्रे थरथरले. धनेश हाताची घडी घालून भिंतीला टेकला. अशोकनं डोळे मिटले आणि थोड्या वेळानं हात काढून घेतला.

"हा माग कुणाचा?" बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात त्यानं मला विचारलं. "मोडेल तो. थांबवा त्याला."

सुजयला वाटलं, आपला वेग कमी पडला. त्यानं आणखी जोर लावला. पट्टीखालचं मनगट वळलं, एक काठी उडून धनेशच्या पायाशी पडली, तरी हा एका हातानं मारतोच आहे. डोळ्यांत पाणी.

"सुजय! एकशे साठ!" मी ओरडलो. "एकशे साठ रे! तीनशे वीस मी बनवलं होतं. तू लहान होतास, तुला हसवायला."

तो थांबला. माझ्याकडे त्यानं असं पाहिलं की त्यापेक्षा शिवी बरी. मंजिरी मला म्हणाली, "नाना, हद्द करता तुम्ही." एवढंच.

धनेशनं काठी उचलून त्याच्या हातात दिली. "एकशे साठ वाजव," तो म्हणाला. "बघू."

सुजयनं वाजवलं. ते हळू नव्हतं, पण त्यात धोट्याला पल्याड जाऊन परत यायला जागा होती. माझे पाय मागांच्या दोन रांगांमध्ये उभं राहिल्यासारखे आपोआप जवळ आले. अशोकनं पुन्हा तळवा ठेवला. या वेळी काढला नाही. दुसरा हात हवेत गेला, तुटलेला धागा शोधल्यासारखा, आणि खाली आला.

मग त्यानं मुलाकडे पाहिलं. वाट पाहिल्यासारखं. मला कळलं, पण सुजयला कळेल का, हे कळेना. त्यानं पाळी बदलायचा रिवाज फक्त माझ्याकडून ऐकलेला, आणि माझ्या गोष्टींवर आता का विश्वास ठेवावा त्यानं?

सुजयनं डाव्या हातातली काठी टाकली. उजव्या हातानं आणि पायांनी चाल तशीच ठेवून त्यानं डावा तळवा बापाच्या तळव्याशेजारी टेकवला.

अशोकनं आपला हात उचलला. मान हलवली. डबा घेतला आणि दाराकडे निघाला.

सुजय बराच वेळ वाजवत राहिला. ते बंद झाल्यावर धनेश म्हणाला, "हे मेटल नाही. मी आजही सांगतो."

"मग बाहेर?" सुजयनं विचारलं.

"शेवटी वाजव. मध्ये वाजवलंस तर आपली बाकीची गाणी खोटी वाटतील."

कार्यक्रमात काळ्या टी-शर्टवाल्या पोरांनीच आरडाओरडा केला. अर्ध्यांना हा नुसता शोर वाटला, उरलेल्यांना वेग कमी वाटला. अशोक पहिल्या रांगेत होता, त्याला दोन्ही तक्रारी ऐकू आल्या नाहीत. दोन्ही हात मांडीवर, मोकळे.

बाहेर चहाच्या गाडीवर त्यातल्याच एका पोरानं मला गाठलं. "नाना, तुम्ही मिलवाले ना? माग खरंच किती वेगानं चालायचा?"

"एकशे साठ," मी म्हणालो. "मिनिटाला."

त्याला ती थाप वाटली, तो हसायला लागला. "बस क्या नाना, कुछ तो कम करो."

मी कमी केलं नाही.