दुसरीच्या शेतातलं बाळ

प्रत्येक घरात न बोलायची एक गोष्ट असते आणि ती सगळ्या गावाला ठाऊक असते. तुडीलच्या आनंदीबाईंच्या घरात ती गोष्ट म्हणजे शकू.

शकू ही आनंदीबाईंच्या नवऱ्याची, हैबतीरावांची, पहिली बायको. तिचं तान्हं मूल गेलं. तान्ह्याला अग्नी देत नाहीत, म्हणून नदीकडच्या शेताच्या कोपऱ्यात पुरून वर दगड रचले. पुढे सासूने शकूलाच पांढऱ्या पायाची ठरवलं, काडीमोड झाला, ती पोलादपूरकडे दुसऱ्या घरी नांदायला गेली. पण अक्षय तृतीयेला, पितरांना पाणी देतात त्या दिवशी, मातीचा करा घेऊन ती दरवर्षी त्या दगडांपाशी येत राहिली.

हैबतीराव त्या दिवशी शेतातच असत. दोघं घटकाभर बसत, काहीतरी बोलत. आनंदीबाई लांबून बघत आणि घरी येऊन भाकऱ्या अशा थापत, की शेजारच्या चंपाबाईने विचारावं, आज कुणाला बडवतेस गो?

त्यात भर राबाची. उन्हाळ्यात पालापाचोळा पसरून रोपाची जागा भाजायची, तर हैबतीराव तो कोपरा तेवढा वगळत. सगळ्यांत कसदार जागा ती. आनंदीबाईंना वाटे, संसार मी केला, पोर मी वाढवलं आणि जागा राखून ठेवली ती तिच्यासाठी!

यंदा संधी आली. जमीन नुकतीच आनंदीबाईंच्या नावे झाली होती आणि हैबतीराव डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मुंबईला, मुलाकडे, रितेशकडे गेले होते. बाईंनी तारेचं कुंपण घातलं, फाटकाला कुलूप लावलं आणि त्या कोपऱ्यात दगड दिसेनासे होईस्तोवर राब रचला. मग महाडला भाचीकडे गेल्या. निशिगंधा वकील होती.

तिला त्यांनी शकूला नोटीस धाडायला सांगितलं. निशिगंधाने सगळं ऐकून घेतलं.

"आत्या, नोटीस मी नाही काढणार. उलट ती कोर्टात गेली, तर तुझीच बाजू लंगडी पडेल."

"सातबारा माझ्या नावाचा हाय."

"असू दे की. ती जमीन कुठे मागतेय? वीस वर्षांहून जास्त काळ ती उघडपणे, हक्काने त्या वाटेने येते. कुणी कधी अडवलं नाही. अशाने वहिवाटीचा हक्क तयार होतो. निकाल कोर्ट देईल, पण मालक बदलला म्हणून असा हक्क आपोआप बुडत नाही."

"म्हंजे तिने यायचं नि आमच्या माणसाशी गुजगोष्टी करायच्या?"

निशिगंधा हसली नाही. "ती कुणाकडे येते, हे तू तिला एकदा तरी विचारलंस का?"

आनंदीबाई चहा न घेताच उठल्या.

अक्षय तृतीयेला त्या सकाळपासून फाटकाशी बसून होत्या. शकू आली. उन्हाने चेहरा काळवंडलेला, कडेवर मूल घ्यावं तसा करा धरलेला. कुलूप बघून ती थांबली.

"ते नायत आज. मुंबईला गेलेत," आनंदीबाई म्हणाल्या. आता हिचं तोंड पडेल, अशी त्यांची खात्री होती.

"बरं झालं बाय," शकू म्हणाली. "बसले की तुझंच पुराण लावतात. आनंदीचे गुडघे, आनंदीचं कालवण. बाळाकडे ध्यान राहत नाय."

शकूने तारेवरून करा पुढे केला.

"मला आत नको घेऊस हवं तर. तूच ओत. तहान त्याला लागलीय, मला नाय." आणि मग खालच्या आवाजात, "तुझा हेवा वाटतो गो मला. नवऱ्यापायी नाय. मी वर्षाची एकदा येते. तू लावणीला, कापणीला रोज त्याच्या उशाशी असतेस."

इतकी वर्षं जिचा हेवा केला, ती आपलाच हेवा करत होती! आणि रोज ज्याच्या उशाशी वावरलो, त्याच्यावर आपण जाळायचा पाला रचून ठेवलाय!

आनंदीबाईंनी कुलूप काढलं. शकूच्या आधी त्या कोपऱ्यात पोचल्या आणि दोन्ही हातांनी राब उपसू लागल्या. शकूला सगळं समजलं. ती रडली नाही, तिने शिव्याही दिल्या नाहीत. करा सावलीत ठेवून तीही पाला ओढू लागली. दगड उघडे पडले, तेव्हा दोघींच्या हातांवर सारखेच ओरखडे होते.

"नाव काय ठेवलं होतंस?" आनंदीबाईंनी विचारलं.

"मुरारी." हे नाव त्या शेतात पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं होतं.

वाचकहो, जमीन विकत मिळते, वाटणीत मिळते, नावावर चढते. तिच्या पोटात कुणी आपलं माणूस ठेवलं असेल, तर त्याचं नातं मात्र कुठल्याही व्यवहारात आपल्या नावावर होत नाही. तिथवर जायची वाट मोकळी ठेवायला कायदा सांगतोच. पण कायद्याने सांगेपर्यंत थांबायची वेळ आपण आपल्यावर का आणावी? कुणी पाणी घेऊन दारात आलं, तर आधी तहान कुणाची, ते विचारावं.